पावलांचं दप्तर

हेमांगी दळवीनं ती पावलं दुसऱ्याच ठोक्याला ओळखली.

२०४६ सालच्या ऑक्टोबरातली सोमवारची संध्याकाळ होती. इंडियाना राज्यातल्या मॉरोफील्ड शहराच्या नगरसभेची बैठक चालू होती. दीड लाख वस्तीचं गाव, नदीकाठी बंद पडलेला काचकारखाना, आणि सभागृहात अर्धगोल टेबलामागे बसलेले नऊ नगरसेवक. त्यांतली प्रभाग सहाची नगरसेविका हेमांगी. वय एकोणसत्तर, निवडून येण्याची ही चौथी खेप. समोर पाणीपुरवठा खात्याची प्रमुख टेरेसा नोवाक उभी होती आणि भिंतीवरच्या कर्ण्यांतून आवाज येत होता. थप्प, थप. थप्प, थप. उजवा पाय ठाम, डावा जरा उशिरा, जमिनीला पुसत येणारा.

कॉलेजात खो-खो खेळताना सुहासचा डावा गुडघा दुखावला होता. चाळीस वर्षांच्या संसारात दारापाशी ही थप्प-थप आली, की हेमांगी मान वर न करता चहाचं आधण ठेवायची. सुहास जाऊन आता साडेतीन वर्षं झाली होती.

"ही पावलं आमच्या खात्याचे माजी मुख्य अभियंता, सुहास दळवी यांची," टेरेसा म्हणाली आणि अडखळली. "यंत्रणा बसवली तेव्हा तिची परीक्षा घ्यायला ते स्वतः तिच्यावरून चालले होते. नाव लावलेली पावलं तेवढी त्यांचीच आहेत, म्हणून नमुन्याला तीच घेतली. मिसेस दळवी, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

सगळं सभागृह हेमांगीकडे बघत होतं.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "पूर्ण ऐकव."

गोष्ट अशी होती. नऊ वर्षांपूर्वी, २०३७ साली, शहरानं पाण्याच्या जुन्या नळांशेजारी केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तारा पुरल्या होत्या. जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते शोधायला. तारेच्या एका टोकातून प्रकाशाचे झटके सोडायचे. काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला अगदी थोडा प्रकाश माघारी येतो. वरची जमीन जराशी जरी थरथरली, तरी काच कणभर ताणली जाते आणि माघारी येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. तो किती वेळानं परतला, यावरून थरथर नेमकी कुठली ते मीटरभराच्या फरकानं सांगता येतं. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान. गळक्या नळाची सूं-सूं त्याला ऐकू येते, मालमोटारीची घरघर ऐकू येते, आणि फुटपाथवरून चाललेला माणूसही.

गळत्या सापडल्या, बुजवल्याही. पण त्या कानांनी ऐकलेलं सगळं खात्याच्या संगणकांत तसंच पडून राहिलं, कारण ते पुसा असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं तो नुसता गोंगाट होता. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र एका विद्यापीठानं असा प्रोग्राम तयार केला, की त्या गोंगाटातून एकेका माणसाची चाल तो वेगळी काढू लागला. वजन, टाच टेकण्याची पद्धत, दोन पावलांमधला वेळ, सगळं मिळून माणसाची चाल त्याच्या हस्ताक्षराइतकी वेगळी असते. मॉरोफील्डचा प्रत्येक माणूस नऊ वर्षांत कधी, कुठे, कुणासोबत चालला, हे आता तारीख-वेळेसकट उलगडता येणार होतं.

महापौर गॅरिसन यांचा ठराव साधा होता. हे दप्तर कायमचं जपावं. पोलिसांना, इस्पितळांना आणि अर्ज करणाऱ्या नागरिकांना ते खुलं असावं. चार नगरसेवक त्यांच्या बाजूचे. उरलेल्या चौघांचं म्हणणं, सगळं पुसून टाका, यापुढे दर तीस दिवसांनी पुसत जा, आणि त्यातून माणसांची चाल कधीच वेगळी काढू नका. या चौघांचा म्होरक्या होता लेलँड प्रूइट, प्रभाग चारचा म्हातारा नगरसेवक. तेहेतीस वर्षं या गावात पायी टपाल वाटलेला माणूस. हेमांगीपासून तिसऱ्या खुर्चीवर तो बसायचा, आणि गेल्या नऊ वर्षांत सभागृहाबाहेर तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

नववं मत हेमांगीचं. ती कुठल्याच बाजूला नव्हती. मतदान तीन आठवड्यांनी होतं.

*

वर्तमानपत्रात बातमी आली आणि गावाची चालच बदलली. संध्याकाळी फिरायला निघणारी माणसं दिसेनाशी झाली. चार घरं पलीकडे जायचं तरी लोक गाडी काढू लागले. कुणी बुटात खडा घालून लंगडायला शिकलं. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात एक जोडपं वर्षानुवर्षं शेजारी बसायचं. आता ती दोघं वेगवेगळ्या वेळी येऊ लागली, आणि का ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

नागरिकांची सुनावणी झाली, तेव्हा दोन माणसं हेमांगीच्या डोक्यात घर करून बसली. पहिली, मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेची संचालिका. ती म्हणाली, "आमच्या घराचा पत्ता आम्ही टपालवाल्यालासुद्धा सांगत नाही. पण आमच्या दारापर्यंत आलेलं प्रत्येक पाऊल तुमच्याकडे आहे. ज्यांच्यापासून त्या पळाल्या, ते पुरुषही या शहराचे नागरिकच आहेत. तेही अर्ज करतील."

दुसरा ओटिस क्रेन, हेमांगीच्याच प्रभागातला. त्याच्या बायकोचं, मार्गारेटचं, हल्ली डोकं ठिकाणावर नसायचं. सप्टेंबरात ती घरातून निघून गेली होती आणि टेरेसाच्या माणसांनी दारापासूनच्या पावलांच्या मागानं तिला वीस मिनिटांत शोधून दिलं होतं. ओटिस माइकपाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मला तत्त्वबित्त्व कळत नाही," तो म्हणाला. "वीस मिनिटं. मला एवढंच कळतं."

हेमांगीनं दोघांचंही नाव वहीत लिहून घेतलं आणि दोघांच्याही नावापुढे काहीच लिहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं डेन्व्हरला मुलीला फोन लावला. ऋजुतानं बातमी वाचलीच होती.

"आई, खरंच बाबांची पावलं आहेत?"

"आहेत गं."

"किती?"

"सहा वर्षांची. नळाच्या तारा घातल्यापासून तो जाईपर्यंत."

मग ऋजुता म्हणाली, "माझ्याकडे त्यांचा आवाज आहे तो फक्त व्हॉइसमेलचा. 'मी बाबा, नंतर कर.' एवढाच. आई, काहीही कर, पण ते पुसू देऊ नकोस."

हेमांगीनं दुसऱ्याच दिवशी महापौरांच्या ठरावाला आणि विरोधकांच्या ठरावाला, दोन्हींना जोडता येईल असं एक कलम लिहून काढलं: काहीही ठरलं, तरी मृत व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकाला तिच्या पावलांची प्रत मिळावी. कलम चांगलं होतं, माणुसकीचं होतं. ते आपण कुणासाठी लिहिलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

पाणीपुरवठा खात्याची कचेरी नदीकाठी होती. तिथल्या एका खोलीत टेरेसानं तिला कानाला लावायचं यंत्र दिलं आणि गावाचा नकाशा उघडून दिला. सुहास चालायचा तो रस्ता नकाशावर पिवळ्या रेघेनं उमटे आणि कानात थप्प-थप चालू होई.

हेमांगी रोज दुपारी जाऊन बसू लागली.

काय काय आठवलं तिला! २००३ साली दोघं इथं आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सावंतवाडीच्या मुलीला पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ इतका भीतिदायक वाटला होता, की सुहास पुढे चालायचा आणि ती त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवून मागोमाग. काचकारखाना तेव्हा चालू होता. संध्याकाळचा भोंगा झाला, की सगळं गाव जेवायला बसायचं. २०३१ साली ती पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा प्रभागातलं एकूण एक दार दोघांनी पायी ठोठावलं होतं. दार उघडलं, की सुहास हसून म्हणायचा, "माझ्या बायकोचं नाव उच्चारायला अवघड आहे, पण तिला मत द्यायला सोपं आहे." किती लोकांनी नुसतं त्या वाक्यासाठी तिला मत दिलं असेल, कोण जाणे.

तेव्हा विरोधक म्हणत, नवरा शहराचा नोकर आणि बायको नगरसेविका, म्हणजे घरातच सौदे होणार. हेमांगीनं निवडून आल्या आल्या स्वतःच नियम मांडून मंजूर करून घेतला होता: नगरसेवकाचा जोडीदार शहराच्या नोकरीत असेल, तर त्याच्या खात्याच्या कामाबद्दल दोघांनी आपसात बोलायचं नाही, बोलल्यास त्याची नोकरी जाईल. दोघांनी तो सोवळ्यासारखा पाळला. पाण्याचा विषय घरात म्हणून निघाला नाही. नळ गळाला तरी सुहास म्हणायचा, "गो, प्लंबराक सांग. मी बोललंय तर माझी नोकरी जायत." आणि दोघं पोट धरून हसायची.

पाचव्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिवळी रेघ इतर दिवसांसारखी नदीकडे जातच नव्हती. ती चेस्टनट रस्त्याला वळून एका घरापुढे थांबायची. चाळीस मिनिटं, कधी तासभर. मग परत. हेमांगीनं मागची वर्षं पाहिली. सहाच्या सहा वर्षं, मंगळवार आणि शुक्रवार.

घरी येऊन तो सांगायचा, "नदीवरून लांबचा फेरा मारून आलंय."

"ते घर कुणाचं?" तिनं टेरेसाला विचारलं. आवाज आपल्याला वाटला त्याहून मोठा निघाला, हे तिच्या ध्यानात आलं.

टेरेसानं पडदा बंद केला. "मिसेस दळवी, त्यांच्या पावलांशेजारी दुसरीही पावलं आहेत. ती मी तुम्हाला ऐकवू शकत नाही. ते माणूस जिवंत आहे."

पण हेमांगीला ऐकायची गरज नव्हती. घराचा क्रमांक तिनं पाहिला होता. शहराच्या प्रत्येक कागदावर नगरसेवकांचे पत्ते छापलेले असतात. ४१२, चेस्टनट. लेलँड प्रूइट.

*

दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या बाईचं घर निघालं असतं, तर निदान भांडणाची तऱ्हा तरी ठरलेली असती. हे काय होतं? ज्या माणसानं आपल्या प्रत्येक ठरावाला आडवा हात घातला, त्याच्याकडे आपला नवरा सहा वर्षं जाऊन बसत होता, आणि आपल्याला थांगपत्ता नाही. सुहासच्या अंत्यविधीला प्रूइट आला होता. मागच्या रांगेत उभा राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. हेमांगीला तेव्हा वाटलं होतं, काय हा माणूस, मरणातही राजकारण सोडत नाही.

शुक्रवारी दुपारी ती चेस्टनट रस्त्यावर गेली. मुद्दाम चालत गेली.

प्रूइटनं दार उघडलं. एक्क्याऐंशी वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. तिला बघून तो दचकला नाही.

"ते दप्तर उघडलं त्या दिवसापासून मी तुमची वाट बघतोय," तो म्हणाला. "आत या. थंडी आहे."

"माझा नवरा तुमच्याकडे का येत होता?" ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

"मिसेस दळवी, हे उभ्यानं सांगण्यासारखं नाही."

ती आत जाऊन बसली. त्यानं कॉफी आणली, समोर बसला आणि म्हणाला, "मार्च २०३७. काचेच्या तारांचा करार. माझी उपसूचना आठवते तुम्हाला?"

आठवत होती. तो करार हेमांगीनं मोठ्या कष्टानं जुळवून आणला होता. तिच्या प्रभागातले नळ शंभर वर्षांचे होते. आणि शेवटच्या दिवशी प्रूइटनं उठून उपसूचना मांडली होती, की या तारांमधून येणारी कच्ची माहिती दर तीस दिवसांनी पुसून टाकावी, कारण उद्या तिच्यातून माणसंही ऐकू येऊ शकतील. हेमांगीला तो निव्वळ खोडा वाटला होता. उत्तराला उभं राहून ती म्हणाली होती, "माननीय सदस्यांना पाण्याच्या नळाला कान फुटल्याची भीती वाटत असेल, तर त्यांनी आंघोळ करताना कुजबुजावं." सभागृह हास्यानं दणाणून गेलं होतं. उपसूचना पाच विरुद्ध चार अशी पडली. वर्षभर गाव प्रूइटला 'कुजबुज्या लेलँड' म्हणत होतं.

"ती उपसूचना माझी नव्हती," प्रूइट म्हणाला. "मी टपालवाला. काचेतून प्रकाश माघारी येतो हे मला कुठून कळणार? ती हासची होती."

सुहास हे नाव त्याला कधी धड म्हणता आलं नव्हतं. तो हासच म्हणायचा.

हेमांगीनं कप खाली ठेवला.

"त्याला तेव्हाच दिसलं होतं, ही यंत्रणा पुढे काय काय ऐकेल ते. त्यानं वरिष्ठांना लिहून दिलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. तुम्हाला सांगावं, तर तुमचा नियम. त्याची नोकरी गेली असती ते एक, पण तुमची खुर्चीही गेली असती. म्हणून तो तुमच्या सगळ्यांत मोठ्या विरोधकाकडे आला. म्हणाला, 'लेलँड, माझं नाव न घेता हे मांडशील का?' मी शब्द दिला."

"आणि मी..." हेमांगी म्हणाली.

त्या रात्रीचं जेवण तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. सुहासनं कुळथाची पिठी आणि भात केला होता. "काय गो, कसां झालां?" त्यानं विचारलं होतं. उघड सभेत झालेलं सांगायला नियमाची आडकाठी नव्हती, तरी करार मंजूर झाला, एवढंच सांगून ती गप्प बसू शकली असती. पण तिनं प्रूइटची नक्कल करून दाखवली, मग स्वतःचा तो विनोदही. सुहास हसला होता. मान खाली घालून हसला होता, आणि तिच्या पानात आणखी भात वाढला होता.

"दुसऱ्या दिवशी तो लोणच्याची बाटली घेऊन आला," प्रूइट म्हणाला. "तुमच्या वतीनं माफी मागायला. मी तर भयंकर चिडलो होतो. त्याला म्हणालो, तुझ्या बायकोनं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि तू लिंबं काय देतोस? तो म्हणाला, 'खरं आहे. पण आता आलोय तर बसू का?' मग बसला. मंगळवारी पुन्हा आला. माझी बायको नुकतीच गेली होती. त्यानं कधी तसं म्हटलं नाही, पण मला वाटतं, तो त्यासाठीच येत राहिला."

"तुम्ही मला का नाही सांगितलं? तो गेल्यावर तरी?"

"शब्द दिला होता ना. आणि खरं सांगू? रागही होता. नऊ वर्षं तुमच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसून मी गप्प राहिलो, ते सगळंच काही मोठेपणानं नव्हे."

त्याच्या या प्रामाणिकपणानंच हेमांगीचा बांध फुटला. प्रूइट उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.

निघताना तिनं विचारलं, "माझं कलम वाचलंत? मृतांच्या पावलांची प्रत नातेवाइकांना?"

"वाचलं."

"तुमचं मत?"

"हासची पावलं तुम्हाला दिली, की माझ्या दारातली माझीही दिली. माझी हरकत नाही. माझ्याकडे लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण या गावात मेलेली किती माणसं कुणाकुणाच्या दारात जाऊन बसली असतील. तेहेतीस वर्षं दारोदार हिंडलोय मी, मिसेस दळवी. मला थोडंफार माहीत आहे."

*

मतदानाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत ओटिस क्रेन बसला होता आणि त्याच्या शेजारी, त्याच्या कोटाची बाही मुठीत धरून, मार्गारेट.

हेमांगी उभी राहिली. समोर लिहून आणलेलं भाषण होतं, ते तिनं उलटं ठेवलं.

"मार्च २०३७ मध्ये मिस्टर प्रूइट यांनी एक उपसूचना मांडली होती," ती म्हणाली. "ती मंजूर झाली असती, तर आज आपण इथं बसलो नसतो. ती मी पाडली. पाडली तीही वाद घालून नाही, चेष्टा करून. ते बरोबर होते आणि मी चूक होते, हे आजच्या इतिवृत्तात लिहिलं जावं."

प्रूइटनं तिच्याकडे पाहिलं. आता ती सुहासचं नाव घेणार, असं त्याला वाटलं असावं. तिनं घेतलं नाही. चेस्टनट रस्त्यावरच्या त्या मंगळवार-शुक्रवारांचा तिनं एका अक्षरानं उल्लेख केला नाही.

"दुसरं. मृतांच्या नातेवाइकांना प्रत देण्याचं कलम मी मागे घेते. ते मी माझ्यासाठी लिहिलं होतं. माझ्या नवऱ्याची पावलं मी ऐकली. आपण ओळखतो त्या माणसाला आपल्यापासून वेगळी अशी चार पावलं टाकायची असतात, आणि ती त्याची असतात. तो जिवंत असता, तर मी त्याला विचारलं असतं. आता विचारता येत नाही. ज्याला विचारता येत नाही, त्याचं उघडून बघू नये."

मग ती ओटिसकडे वळली. "मिस्टर क्रेन, तुम्हाला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मतानं तुमची वीस मिनिटं जाणार आहेत. त्याच्या बदल्यात वीस मिनिटांत सापडेल असं काही माझ्याकडे नाही. हे माहीत असून मी मत देतेय."

पाच विरुद्ध चार. दप्तर पुसायचं ठरलं.

ओटिस बायकोला घेऊन निघून गेला. महापौर जाता जाता म्हणाले, "पुढच्या निवडणुकीत हे तुम्हाला महागात पडेल." पडलंही, पुढच्या वर्षी हेमांगी एकशे बारा मतांनी हरली.

पण त्याआधी डिसेंबर आला. एका दुपारी बर्फ पडायला लागला असताना मार्गारेट पुन्हा घरातून निघून गेली. हेमांगीनं प्रभागातल्या घराघरांत फोन फिरवले. साठेक माणसं कोट चढवून बाहेर पडली, गल्ल्या वाटून घेतल्या आणि हाका मारत निघाली. प्रूइटनं कुठली गल्ली कुठे मिळते ते कागदाविना सांगितलं. मार्गारेट सापडली ती अडीच तासांनी, काचकारखान्याच्या बंद फाटकापाशी. तरुणपणी ती तिथं कामाला होती. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं हिमदंशानं कापावी लागली. इस्पितळात हेमांगी भेटायला गेली, तेव्हा ओटिस तिला म्हणाला, "तुम्ही आलात, शोधायलाही आलात. पण मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका." तिनं तसं समजलं नाही, आणि ती दोन बोटं ती कधी विसरलीही नाही.

*

दप्तर पुसलं त्या सकाळी टेरेसानं फोन करून विचारलं होतं, शेवटचं एकदा ऐकायला येणार का. हेमांगी नाही म्हणाली.

ऋजुता मात्र महिनाभर आईशी नीट बोलली नाही. "तुझं तत्त्व, आणि वडील माझे," एवढं एकच वाक्य म्हणाली आणि ते हेमांगीला आरपार लागलं. नाताळच्या सुट्टीत ती आली, ती घुश्श्यातच. दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगी तिला म्हणाली, "चल, तुला एका माणसाकडे न्यायचंय."

"कुणाकडे?"

"तुझ्या बाबांच्या मित्राकडे. मलाही तो नवाच आहे."

प्रूइटनं दोघींना शेगडीजवळ बसवलं. ऋजुताच्या चेहऱ्याकडे बघून तो क्षणभर थबकला. कपाळ आणि भुवया थेट सुहासच्या होत्या. ती सावधपणे म्हणाली, "आई सांगते, बाबा तुमच्याकडे यायचे."

"यायचा. सहा वर्षं. पण पहिल्या दिवशी येता येत नव्हता."

"म्हणजे?"

"फेब्रुवारी होता. करार व्हायच्या महिनाभर आधी. तेव्हा रस्त्याखाली ती काच घातलेली नव्हती, त्यामुळे हे कुठे कुणी ऐकलेलं नाही. मी या इथंच बसलो होतो. बाहेर भरपूर बर्फ. बघतो तर एक माणूस, डोक्यावर माकडटोपी, माझ्या फाटकापर्यंत आला आणि पुढे निघून गेला. मला वाटलं, असेल कुणी. पाच मिनिटांनी पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा फाटकाशी उभा राहून स्वतःशीच बोलत होता. हात वगैरे करून. पाठ केलेलं म्हणून बघत असावा."

ऋजुताला हसू फुटलं. "फोनवर बोलायच्या आधीसुद्धा बाबा तसंच करायचे."

हेमांगी खुर्चीत पुढे सरकली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माहीत नसलेला सुहास त्या बर्फात, त्या फाटकाशी, माकडटोपी घालून उभा होता.

"आणि मग?" तिनं विचारलं.